शेवाळाचा कॅट

चंद्रहासला हरवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते हरलेल्या चंद्रहासला सहन करणं. डाव गेला की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं निवेदन येऊन पडायचं. वर 'विषय', त्याखाली 'संदर्भ', आणि शेवटी एखादा ताजा नियम. त्या दिवशी तो ज्या युक्तीनं हरला असेल, नेमकी ती बंद करणारा. पुण्यात तो बाणेरच्या एका सोसायटीचा चेअरमन होता. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, दोन गाड्यांचं गॅरेज झालं होतं, सिटिझनशिप झाली होती, पण चेअरमनपद काही अंगातून उतरलं नव्हतं.

मायरगेट हा पत्त्यांचा खेळ ग्रुपमध्ये आणला तोही त्यानंच. मेलबर्न दुसऱ्यांदा बंद झालं, ऑफिसं घराघरांतल्या गेस्टरूममध्ये आली, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची सोय उरली नाही, मंडळाचा गणपतीसुद्धा झूमवर बसला. अशा दिवसांत त्यानं मुलांसाठी म्हणून दोन पाकिटं मागवली आणि मुलांना हात लावू दिला नाही. पत्त्यांवर ड्रॅगन, चेटकिणी, दलदलीतले राजे. प्रत्येकाचा एक किल्ला आणि चाळीस पत्ते. समोरच्याचा किल्ला पाडायचा. कंपनी दर काही महिन्यांनी नव्या पत्त्यांचा संच काढायची आणि प्रत्येक संचाबरोबर नियमही थोडे बदलायची. विनीताला त्यात काही गूढ वाटत नव्हतं. ती पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे तपासणीची पद्धत बदलली तर बदलाचं कारण शेजारी लिहिलेलं असे. इथे कारण लिहीत नसत, कारण जुन्या पत्त्यांवर भागलं तर नवे कोण घेणार, हे न लिहिताही कळण्यासारखं होतं.

न कळलेली माणसंही होती, आणि ती सगळी बऱ्या पगाराची होती. दत्तप्रसाद बँकेच्या सिस्टिम्स सांभाळायचा, वरुण क्लाउडमधलं काहीतरी करायचा, आणि विनीताचा नवरा सलिल टेस्टिंग लीड होता. एरवी ऑफिसमध्ये एकेका ओळीवरून वाद घालणारी ही मंडळी चंद्रहासचं निवेदन आलं की ते न वाचता खाली अंगठा टाकायची. गावाकडच्या, सोसायटीच्या, शाळेच्या अशा चाळीस ग्रुपांवर रोज अंगठे टाकून त्यांच्या हाताला तसं वळणच पडलं होतं. पाच अंगठे पडले की चंद्रहास लिहायचा, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

सलिलला ग्रुपचं सेक्रेटरीपद मिळालं होतं. म्हणजे चंद्रहासचे नियम त्यानं एका फाइलमध्ये उतरवून ठेवायचे.

"तू वाचतोस तरी का ते?" विनीतानं एकदा विचारलं होतं.

"वाचून काय करू? भांडू त्याच्याशी? खेळच आहे गं."

खेळच होता, हे विनीतालाही मान्य होतं. एल्साचा प्रश्न नसता तर ती कधीच उठून गेली असती.

एल्सा वसईची. डॉक्टर म्हणून मेलबर्नला आली तेव्हा दोन वर्षं विनीता-सलिलच्याच गल्लीत भाड्यानं राहायची; दोघींनी मिळून कितीतरी शनिवारी पीठ मळलं होतं, मासळी साफ केली होती. मग तिला ऑस्ट्रेलियाच्या पार दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. सोन्याच्या खाणींचं गाव, सगळीकडे लाल धूळ, पर्थला जायचं तर दिवसभर गाडी चालवायची नाहीतर विमान. एकटीच राहायची. राज्याच्या सीमा बंद झाल्यावर बाहेरून येणारे बदली डॉक्टर यायचे थांबले आणि त्यांच्या शिफ्टा ह्या लोकांवर येऊन पडल्या. जुलैत वसईला तिचे पप्पा गेले. दफन तिनं हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, गाडीत बसून फोनवर पाहिलं, आणि उतरून पुन्हा वॉर्डात गेली. हे विनीताला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

त्यानंतर फोन केला की एल्सा म्हणायची, "मी मजेत. तू बोल." आणि दोन मिनिटांत काहीतरी निमित्त काढून ठेवून द्यायची. व्हिडिओ तर लावायचीच नाही.

रविवारी दुपारी मात्र ती यायची. मायरगेट खेळताना कॅमेरा माणसावर नसतो, टेबलावर असतो. फोन वरून खाली तोंड करून बांधायचा. कोणी त्यासाठी स्टँड घेतला होता, एल्सानं दोन उंच डब्यांवर पट्टी टाकून काम भागवलं होतं. चेहरा कोणाचाच दिसायचा नाही, नुसते हात. चंद्रहासची पुष्कराजाची अंगठी, दत्तप्रसादची खाल्लेली नखं, आणि सॅनिटायझरनं सालं निघालेली एल्साची बोटं. चेहरा दिसत नसला की एल्साला थोडं बोलता यायचं. पत्ता टाकता टाकता ती म्हणायची, आज इथे वारा सुटलाय. पुढच्या पत्त्याला म्हणायची, काल भात करपवला. एवढंच. पण विनीता त्या एवढ्याशासाठी आठवडाभर थांबायची. उद्या कधीतरी पप्पांबद्दल एखादं वाक्य येईल, आलंच तर ते इथेच येईल, असं तिला वाटे. दुसरी जागाच राहिली नव्हती.

एल्साचे पत्ते पहिल्या संचातले, म्हणजे आता जुने. हॉस्पिटल सोडून गेलेल्या एका आयरिश नर्सनं जाताना तिला दिलेले. बाकीचे ऐटीत 'डेक' म्हणायचे. एल्सा घरी म्हणायचे तसं 'कॅट' म्हणायची. तिच्या कॅटमध्ये मॉस वॉर्डन नावाचा एक मरगळलेला म्हातारा होता, हातात काठी, दाढीत बेडूक. एल्सा त्याला शेवाळवाला म्हणायची. शेवाळवाला कधी हल्ला करत नसे. प्रत्येक फेरीला आपल्या किल्ल्यावर शेवाळाचा एक थर चढवायचा, बस. पुरेसे थर झाले की समोरच्याचे ड्रॅगन भिंतीवरून घसरून खाली यायचे आणि डाव संपायचा. तोवर एल्सानं फक्त टिकून राहायचं. ते तिला जमायचं.

चंद्रहासकडे सात ड्रॅगन होते. ते सातही ह्या म्हाताऱ्यानं दोनदा घसरवले तेव्हा निवेदन आलं, प्रत्येक फेरीला वेळेची मर्यादा. एल्सा भराभर खेळली आणि पुन्हा जिंकली. ह्या मर्यादेचा फेरविचार व्हावा असं विनीतानं लिहिलं, तर लगेच दुसरं निवेदन: मंजूर झालेला कोणताही ठराव कंपनीचा पुढचा संच बाहेर येईपर्यंत फेरविचारार्थ घेतला जाणार नाही. पाच अंगठे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला चंद्रहास एल्साकडून आणखी एकदा हरला, तेही त्याची आई पुण्याहून व्हिडिओवर बघत असताना. त्या संध्याकाळचं निवेदन लांबलचक होतं. जगभरच्या स्पर्धांत आता जुने संच बाद होत आहेत, आपणही काळाबरोबर चाललं पाहिजे, सबब येत्या रविवारपासून नव्या संचात असलेलेच पत्ते चालतील. विनीतानं ते मीठमसाल्याच्या डब्याला फोन टेकवून उभ्याउभ्या वाचलं. जगभरच्या स्पर्धांना हा माणूस कधी गेला नव्हता आणि जाणारही नव्हता. त्याला एका म्हाताऱ्याला हाकलायचं होतं. एवढ्या मोठ्या देहाच्या गृहस्थाला कागदावरच्या बेडकाची एवढी भीती वाटावी, ह्याचं तिला हसूही आलं नाही.

एल्सानं खाली लिहिलं, 'No worries.'

विनीतानं लगेच फोन लावला. एल्सा म्हणाली की तसंही रविवारी तिची शिफ्ट असायचीच एखादी. नवे पत्ते मागव म्हटलं तर म्हणाली, पार्सलं इथे कधी येतात कोणाला ठाऊक, आणि एवढा खटाटोप कशाला. मग तेच. मी मजेत. तू बोल.

त्या रात्री विनीतानं कंपनीची नवी नियमावली उघडली. प्रयोगशाळेत नवी पद्धत आली की ती वाचायची तशीच वाचली, व्याख्यांपासून. ग्रुपमधल्या कोणीही ती वाचलेली नसणार ह्याची तिला खात्री होती. नियम करणारा माणूस नियम वाचत बसत नाही. तिथे सरळ लिहिलं होतं की पत्ता ओळखायचा तो नावावरून. एखादा जुना पत्ता त्याच नावानं नव्या संचात पुन्हा छापला गेला असेल तर जुनी प्रतही चालेल. मग तिनं नव्या संचातल्या पत्त्यांची नावं पाहिली. शेवाळवाला मोठ्या मंडळींच्या पाकिटांत नव्हता. पण त्याच संचात लहान मुलांसाठी एक डबा निघाला होता, सुपरमार्केटात चॉकलेटांच्या शेजारी ठेवतात तसला. त्यात तो होता. त्याचा बहुतेक सगळा गोतावळाही होता. चंद्रहास अँड कंपनीनं तो डबा कधी उघडला नव्हता. त्यावर कार्टून होतं ना.

रविवारी तिनं एल्साला कसंबसं बसवलं. खेळू नकोस, नुसती ये म्हणाली. पाचही टेबलं (सलिल-विनीताचं मिळून एक) पडद्यावर आल्यावर विनीतानं आपलं म्हणणं मांडलं, आवाज न चढवता, कलम आणि पान सांगून. शेवाळवाला नव्या संचात आहे, म्हणून एल्साचे पत्ते चालतात.

मग चंद्रहासची अंगठी टेबलावर वाजायला लागली.

"विनीता, तू टेक्निकल जातीयेस," तो म्हणाला. "नियमामागची भावना बघ की जरा."

"भावना कोणती?"

"नवे पत्ते यावेत ही. आता लहान मुलांच्या डब्यातली कार्डं घेऊन आपण खेळायचं का? मेट, वी आर अ‍ॅडल्ट्स."

वरुण हसला. दत्तप्रसाद म्हणाला की मुद्दा दोन्हीकडून बरोबर आहे, जे तो नेहमीच म्हणायचा. चंद्रहास तोवर टाइप करत होता. नवा ठराव आला: पत्ता नुसत्या नावानं नव्हे, प्रत्यक्ष नव्या छपाईचा हवा, कोपऱ्यात नव्या संचाचं चिन्ह, म्हणजे कंदील, असलेलाच चालेल. आजपासून, सर्वांना लागू. सलिलचा, वरुणचा, दत्तप्रसादचा अंगठा पडला. चंद्रहासनं स्वतःलाही एक दिला. सवयीनं एल्सानंही एक टाकला. तिला बाहेर काढणाऱ्या ठरावाला तिचाच अंगठा, हे विनीतानं दोनदा बघून घेतलं.

"सर्वांना म्हणजे सगळ्यांनाच?" तिनं विचारलं.

"अर्थात. नियम म्हणजे नियम."

"मग तुझे ड्रॅगन जरा कॅमेऱ्याखाली धर."

चंद्रहासचे ड्रॅगन नव्या संचातही निघाले होते, पण नव्या चित्रांत ते पोपटांसारखे दिसतात असं म्हणून त्यानं ते घेतले नव्हते. त्याच्याकडे पहिल्या छपाईचे होते, सोनेरी वर्ख असलेले. सातही खास मागवलेले, कडक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेले. त्यांच्याबद्दल त्यानं ग्रुपवर पानंच्या पानं लिहिली होती. आता त्याच्या जाड बोटांनी एक ड्रॅगन उजेडात सरकवला. कोपऱ्यात पिंपळपानासारखं एक पान होतं. कंदील नव्हता.



"हे वेगळं आहे," चंद्रहास म्हणाला. "ही कलेक्टर्स एडिशन आहे. ठराव परत घेऊ आपण, मी शब्द नीट करतो."

आणि तेव्हा, आजवर फाइलमध्ये निमूट उतरवून घेणारा सलिल खाकरला. "घेता येणार नाही रे. पुढचा संच येईपर्यंत फेरविचार नाही. तूच केलायस तो नियम. मी वाचून दाखवू का?"

बायकोच्या कानाला ते एखाद्या भजनासारखं गोड लागलं. कित्येक महिन्यांत तिला नवऱ्याचा एवढा अभिमान वाटला नव्हता. चंद्रहास अर्धा मिनिट काहीतरी बोलत राहिला, संदर्भ, अपवाद, अध्यक्षांचे अधिकार, आणि त्याचे हात पडद्यावर उगाच ड्रॅगन इकडून तिकडे सरकवत राहिले. विनीता ते शांतपणे बघत होती. प्रयोगशाळेत कधीकधी गढूळ नमुन्यात औषधाचा थेंब टाकला की सगळा गाळ हळूहळू तळाला जातो, तसं काहीसं बघत होती. वरुण तर म्यूट करायचं विसरून हसत होता.

मग सलिल हळूच म्हणाला, "विनी, एल्सा कुठाय?"

एल्साची चौकट रिकामी होती. दोन डबे दिसत होते, टेबल पुसलेलं होतं. मग ती चौकटही गेली आणि चारच उरल्या. ग्रुपवर मेसेज आला, 'Good game all. See you sometime.' अजून डाव सुरूही झाला नव्हता.

त्या संध्याकाळी विनीतानं भाजी चिरली ती बरीच जाड चिरली. चंद्रहासची जिरवताना तिला एवढी मजा आली होती की ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते माणूस उठून गेलेलं तिला दिसलं नव्हतं. कंदिलाचा नियम चंद्रहासच्या ड्रॅगनांना लागला तसाच एल्साच्या शेवाळवाल्यालाही लागला होता. तिनं एल्साला मेसेज लिहिला: लहान मुलांच्या डब्यात तुझे सगळे आहेत, नव्या चित्रात, डब्यावर हिरवं कार्टून आहे, तिथे कुठे मिळाला तर बघ, नाहीतर मी उद्या पोस्टात टाकते. मेसेजवर दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती सुपरमार्केटात शिरली. टॉयलेट पेपरच्या फळीसमोर लोक एकमेकांपासून अंतर ठेवून एकमेकांचा राग करत होते. डबा शेवटी सापडला, च्युइंगगमच्या वर. तिनं तो पोस्टात टाकला. काउंटरवरच्या मुलीनं पत्ता वाचला आणि दोन-तीन आठवडे धरून चाला म्हणाली. आठवड्यात एल्साचा एकदाही फोन नाही. ग्रुपवर मात्र धुमाकूळ होता. चंद्रहासनं पोपटासारखे ड्रॅगन शोधायला सुरुवात केली होती आणि ते सगळीकडे संपले होते. परदेशातून मागवायचे तर जहाजं अडकलेली. 'कोणाकडे आहेत का?' असं त्यानं चारदा विचारलं. त्याला कोणी अंगठासुद्धा दिला नाही.

पुढच्या रविवारी विनीता बसली ती सलिलनं बसवली म्हणून. चार चौकटी उघडल्या. चंद्रहास 'निरीक्षक' म्हणून हजर होता. खेळायला त्याच्याकडे काही नव्हतं, पण न येणं त्याला शक्य नव्हतं. वरुण पत्ते पिसत होता. मग पाचवी चौकट उघडली आणि दोन डबे आणि सालं निघालेली बोटं दिसली.

"इथल्या पोस्टाच्या काउंटरजवळ होता," एल्सा म्हणाली. "एक डबा उरला होता. माझ्या मागं एक पोरगं होतं, त्याच्या तोंडचा काढून घेतला बघ."

तिनं शेवाळवाला समोर ठेवला. लहान मुलांच्या चित्रात त्याचे डोळे बशीएवढे होते, गाल गुलाबी, दाढीतला बेडूक हसत होता, आणि सगळ्यावर चमकी मारलेली. कोपऱ्यात कंदील. दत्तप्रसाद म्हणाला, हा तर सुट्टीवर जाऊन आलेला दिसतो.

एल्सा आणि विनीताचा डाव लागला. विनीतानं हल्ले केले, एल्सानं थर चढवले. इथे वारा सुटलाय, एल्सा म्हणाली. विनीतानं हूं केलं आणि पत्ता टाकला. पाचव्या की सहाव्या फेरीला एल्साचा हात पत्त्यावरच थांबला.

"पप्पा मेंढीकोट खेळायचे ना," ती म्हणाली. "चांगली पानं आली तरी त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही आणि वाईट आली तरी कळायचं नाही. आई म्हणायची, ह्यांच्या समोर बसण्यापेक्षा कपाटासमोर बसावं. आणि शेवटी न चुकता कोट द्यायचे."

वरुणनं स्वतःला म्यूट केलं होतं.

"मी तेव्हा त्यांना फोन केला होता," एल्सा म्हणाली, "आदल्या दिवशी. तर काय म्हणाले माहितीये?"

विनीताचा दुसरा फोन टेबलावर थरथरला. चंद्रहासचा खासगी मेसेज होता. 'तो लहान मुलांचा डबा तिकडे कुठल्या फळीवर मिळतो? त्यात ड्रॅगन आहेत का? ग्रुपवर नको सांगूस.'

तिनं त्याला एक अंगठा पाठवला, फोन उपडा केला, आणि पुढचा पत्ता टाकायची घाई केली नाही.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.